बिनपगारी जादा पाळी
1948 च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवून दिली आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातला कामगार तिचा हिशेब तासागणिक ठेवू लागला, शेजारच्या हिंजवडीतला प्रोग्रामर मात्र सुट्टीच्या दिवशी ‘वर्डकॅम्प’, म्हणजे वर्डप्रेस या मुक्त संकेतस्थळ-प्रणालीच्या वापरकर्त्यांचा मेळावा (पहिला सॅन फ्रान्सिस्कोत, 2006, पुढे पुण्यातही), फुकट राबून पार पाडतो, कारण आयोजक आणि वक्ते दोघांनाही मानधन न देण्याचा तिथे दंडकच आहे. तयारीच्या बैठकांत प्रणालीपेक्षा वाटायच्या टी-शर्टांच्या मापांवर अधिक खल होतो. लाखोंची वर्दळ पेलणारी संकेतस्थळे बांधणाऱ्या या मंडळींना ‘एक्सएल’ किती लागतील याचा अंदाज काही केल्या येत नाही, आणि उरलेले शर्ट प्रायोजकाच्या नावासकट दुचाकी पुसण्याच्या कामी येतात.