ताशी पंधरा मैलांचं साहस

महाराष्ट्रात सगळ्यांत उंच जागी उभं राहायचं तर कळसूबाई चढावी लागते. उंची ५,४०० फूट. कोलोरॅडोतल्या सिल्व्हरटन गावात त्यासाठी गाडीतून खाली उतरलं की पुरतं. गावच वसलंय ९,३१८ फुटांवर. एवढ्यावर समाधान मानून, कॉफी पिऊन परत फिरावं, असं माझं मत होतं. पण डेन्व्हरच्या आमच्या चिरंजीवांनी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर चालवायची चार जणांची मोटार-बग्गी आणि पुढे वाट दाखवायला गाइड, असं सगळं आधीच बुक केलं होतं. माझं मत शांतपणे ऐकून घेण्यात आलं आणि मला हेल्मेट देण्यात आलं.

या बग्गीला काचा नसतात, दारं अर्धीच असतात आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. पिंजरा कशासाठी, असं विचारल्यावर गाइड म्हणाला, ‘उलटली तर.’ आणि पुढच्या कामाला लागला. त्याआधी फॉर्म भरून झाला होता. इजा, अपंगत्व, मृत्यू, दरड, वीज, जंगली जनावरं, यांतल्या कशालाही कंपनी जबाबदार नाही, हे आम्ही चौघांनी सही करून मान्य केलं. आणि एकदा ते मान्य केल्यावर कंपनीने आमची जी काळजी घेतली, तशी माझ्या लग्नातही कोणी घेतली नव्हती. छातीपर्यंत दाढी असलेल्या त्या गाइडने प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. माझा दोनदा.

मग नियम. वेग ताशी पंधरा मैलांच्या वर नाही. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. समोरून गाडी आली की आपल्यामागे आणखी किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवायची, शेवटच्याने मूठ. आणि काहीही झालं तरी चाक गवतावर जाता कामा नये, कारण या उंचीवर एकदा तुडवलेलं गवत सावरायला कित्येक वर्षं लागतात. इतके नियम पाळून करायच्या गोष्टीला साहस का म्हणतात, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोवर ओठांवर रुमाल बांधला गेला होता.

स्टिअरिंगवर सूनबाई, शेजारी चिरंजीव, मागे आम्ही दोघं. गाइड सर्वांत पुढे, मग टेक्सासचं एक जोडपं, शेवटी आम्ही. शेवटच्या गाडीला निसर्ग दिसतो तो पुढच्या दोन गाड्यांच्या धुरळ्यातून. हेल्मेटमध्ये रेडिओ होता, म्हणजे गाइड बोलला की सगळ्यांना ऐकू यावं. सोय दोन्ही बाजूंनी होती, हे पहिल्या वळणावर कळलं.

‘अगं हळू! हळू!’ आमची ही ओरडली. सूनबाईंनी ‘हो आई’ म्हणून वेग होता तेवढाच ठेवला. टेक्सासच्या जोडप्याने मात्र करकचून ब्रेक मारला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. शेवटी रेडिओवर गाइडचा अदबशीर आवाज आला, ‘मागच्या गाडीतल्या बाईंना काही धोका दिसतोय का?’ ही म्हणाली, ‘अजून नाही.’

ॲनिमस नदीच्या कडेने जाणारी ही वाट बरीचशी जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. ऑटो मिअर्स नावाच्या गृहस्थांनी १९०४ साली इथे आगगाडी वर नेली. त्याआधी याच डोंगरांत त्यांनी रस्ते बांधले आणि त्यांवर टोल लावला. एक नाका तर धबधब्यावरच्या पुलावर, म्हणजे वळसा घालून निसटायची सोयच नाही. मराठी मनाला त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. नदीचीही गोष्ट आहे. ऑगस्ट २०१५मध्ये गोल्ड किंग या बंद खाणीचं तोंड अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्याच लोकांकडून उकरताना फुटलं आणि सुमारे तीस लाख गॅलन दूषित पाणी सुटून नदी पिवळीधमक झाली. सरकारी काम सगळीकडे सारखंच.

बारा मैलांवर ॲनिमस फोर्क्स. ११,२०० फुटांवरचं हे खाणकामगारांचं गाव शंभरेक वर्षं ओसाड आहे. लाकडी घरं उभी आहेत. एकाला तीन बाजूंनी पुढे आलेली झोकदार खिडकी आहे. १८८४च्या हिवाळ्यात इथे तेवीस दिवस हिमवादळ चाललं, पंचवीस फूट बर्फ साचला आणि लोक घराघरांमध्ये भुयारं खणून ये-जा करत होते, असं गाइडने सांगितलं. चांदीसाठी आलेल्या त्या माणसांनी कुठल्याही फॉर्मवर सही केली नव्हती, आणि पट्टा ओढून पाहायलाही कोणी नव्हतं. आम्ही हेल्मेट घालूनच फोटो काढले.

तिथून सिनॅमन पासचा चढ. झाडं मागे राहिली, उजवीकडे दरी आली. मी जिला धरून बसलो होतो ती नळी पिंजऱ्याचीच आहे ना, हे मी अधूनमधून तपासत होतो. ही मात्र आता रुळली होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती मागच्या सीटवरून मूठ दाखवी, आणि समोरच्याने बोटं दाखवली की रेडिओवर हिशेब जाहीर करी, ‘अजून तीन आहेत, थांबा.’ टेक्सासवाले थांबत. थोड्या वेळाने गाइडही थांबू लागला.

१२,६४० फुटांवर हिने पिशवीतून बाकरवडीचं पाकीट काढलं. ते टम्म फुगून उशी झालं होतं. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी; पुण्यात भरलेली हवा पाकिटात पसरून बसली होती. गाइडने एक पाऊल मागे घेतलं. दिवसभरात तो घाबरलेला मी पाहिला तो तेवढाच. पाकीट फट्‌कन फुटलं, चार बाकरवड्या कोलोरॅडोच्या मालकीच्या झाल्या, आणि गवतावर काही टाकायचं नाही या नियमाखाली माझ्याकडून त्या वेचून घेण्यात आल्या. उरलेल्या टेक्सासने संपवल्या.

संध्याकाळी बक्षिशी पंधरा टक्के द्यायची की वीस, यावर बापलेकांत चर्चा चालू असताना हिने पैसे देऊन टाकले आणि गाइडशी हातही मिळवला. मग चिरंजीव म्हणाले, ‘आई, उद्या डुरँगोची छोटी आगगाडी. १८८२पासून चालू आहे. वाफेचं इंजिन.’

ही गॉगल पुसत म्हणाली, ‘चालवायला कोण असतं? मला त्याच्या मागेच बसव.’