उभ्यांचा उजेड

आपल्या नगरच्या (कागदोपत्री अहिल्यानगरच्या) दवाखान्यांत अंधार आहे, असा आरोप कुणी करू नये. उजेड भरपूर आहे. तो कुणासाठी आहे, एवढंच विचारायचं नाही.

वॉर्डात डॉक्टर उभे, सिस्टर उभ्या, नातेवाईक उभे, फळवाटपाला आलेले पुढारीही उभेच. छतावरचं पॅनल त्यांच्या डोक्यावर, डोळ्यांत नव्हे. आडवा असतो तो एकटा पेशंट. पाथर्डी-जामखेडहून आलेला हा बापडा रात्रभर त्या पांढऱ्याफटक दिव्याशी नजरानजर करत पडून राहतो. बटण सगळ्या वॉर्डाला मिळून एकच. कोपऱ्यातल्या आजीची सलाईन बदलायची, की अख्खा वॉर्ड जागा! म्हणून जाणते लोक डब्याआधी पिशवीत उपरणं टाकतात, डोळ्यांवर घ्यायला.

सकाळी राउंडला मात्र हाच दिवा अपुरा पडतो. साहेब पापणी खाली ओढतात, ‘जरा टॉर्च मारा’ म्हणतात आणि भाच्याचा मोबाईल वैद्यकीय उपकरण होतो. साहेबांचा दोष नाही. स्वस्तातल्या निळसर एलईडीत लाल रंग तोकडा. त्यात रक्त कमी झाल्याचा फिकेपणा, ओठांचा निळेपणा नीट कळत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकात त्यासाठी ‘सायनोसिस निर्देशांक’ आहे, तो ३.३ च्या वर जाता कामा नये. आपल्या निविदेत वॉट असतात आणि दर असतो. ओठांचा रंग कुठल्या रकान्यात भरणार?

दिव्यांचा विषय काढला की फायर ऑडिटची फाइल पुढे येते. यावीच. ६ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन भाऊबीजेला, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात अशाच आगीत १० बाळं गेली होती, ऑडिटचे आदेश तेव्हाच सुटले होते. यावर विनोद सुचत नाही. वायरकडे बघायलाच जिथे एवढी माणसं जावी लागतात, तिथे वायरच्या टोकाला लटकलेल्या दिव्याचा नंबर कधी लागायचा?

मागणी मोठी नाही. खाटेपाशी वेगळं बटण, रात्री खालच्या अंगाला मंद पिवळा दिवा आणि खरेदीच्या कागदावर रंगाच्या गुणवत्तेची एक ओळ.

ती ओळ येईपर्यंत, वाचकहो, तान्ह्या बाळाची कावीळ ट्यूबखाली पाहू नका. दिवसा खिडकीपाशी न्या आणि शंका आली तर रक्तातलं बिलिरुबिन तपासायला सांगा.