मार्डर शिवला

आमची गाडी वारली. वारली त्या सकाळी बॅटरी 83 टक्के होती, चारही टायर धडधाकट होते आणि सीटवर धाकटीच्या डब्यातला चिवडा सांडलेला होता. कागदावर मृत्यूचं कारण एका ओळीत आहे: मार्डरचा चावा.

मुंगसाला झुपकेदार शेपटी लावली आणि स्वभाव सोसायटीच्या चेअरमनचा दिला की मार्डर होतो. वजन दीड किलो. रात्री गाड्यांच्या बॉनेटखाली शिरून वायरी चावणं हा त्याचा पिढीजात धंदा. जर्मनीत असे दोन लाखांवर दावे दरवर्षी विमा कंपन्यांकडे येतात, त्यामुळे आमच्या एर्लांगेनमध्ये "मार्डर चावला" म्हटलं की समोरचा सर्दी झाल्याचं ऐकावं तशी मान हलवतो. पेट्रोलच्या गाडीत तो स्पार्क प्लगची वायर कुरतडतो, मालक चडफडतो, गॅरेजवाला वायर बदलतो, संपलं. आमच्या गाडीत त्याला नारिंगी केबल सापडली.

नारिंगी म्हणजे हाय-व्होल्टेज. लांबून दिसावी आणि कोणी हात लावू नये म्हणून तो रंग. हात कोणी लावलाही नाही. दात लावले. तांदळाच्या दाण्याएवढे दोन दात, वरच्या आवरणात. तांबं दिसतही नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं, मला आधी वाटलं चिवडाच चिकटलाय.

गॅरेजनं आधी गाडी वाळीत टाकली. दात नेमके कुठवर पोचलेत हे ठरेपर्यंत ती बाकीच्या गाड्यांपासून पाच मीटर दूर, आवाराच्या कोपऱ्यात, साखळीच्या आत. चार दिवस. भाडं दिवसावर. आमच्या आजीच्या वाड्यात कावळा शिवला की बाईनं चार दिवस बाहेर बसायचं असे; तिथे निदान भाडं आकारत नव्हते. पाचव्या दिवशी खर्चाचा अंदाज आला: 7,240 युरो. दोन पानं होती. ती मी आरतीसंग्रहासारखी पाठ केली आहेत. हाय-व्होल्टेज बंद करणे, एवढे युरो. ते परत सुरू होणार नाही अशी व्यवस्था करणे, एवढे. ते खरंच बंद आहे याची खात्री करणे, एवढे. मग काम. मग ते परत सुरू करणे, एवढे. सुरू झाल्याची खात्री करायचे पैसे लावलेले नव्हते, ती बहुधा माझ्यावर सोडली असावी. आणि या सगळ्याच्या मधोमध एक ओळ: केबल-संच, पूर्ण.

पूर्ण का? चावलेली केबल तर माझ्या हाताएवढी लांब आहे. तर ती सुटी मिळत नाही. ती ज्या जुडग्यात आहे ते जुडगं एकच पार्ट, त्याला एकच नंबर. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट, आणि शर्ट सुटा येत नाही म्हणून सूट.

मग सर्व्हेअर आले. सज्जन गृहस्थ. गाडीभोवती फिरले, रंगाची जाडी मोजली, बॅटरीची तब्येत पाहिली आणि म्हणाले, "बास्ट शो." म्हणजे, ठीक आहे. फ्रँकोनियात, म्हणजे आमच्या या भागात, यापुढे स्तुती नाही, इथला माणूस ताजमहाल पाहूनही एवढंच म्हणेल. मी हुरळलो. त्यांनी त्याच हातानं लिहिलं: गाडीची आजची बाजारातली किंमत 6,800. दुरुस्ती 7,240. सबब, आर्थिकदृष्ट्या टोटल लॉस. म्हणजे यंत्र म्हणून ठणठणीत, हिशोब म्हणून मृत. बाजारातली किंमत एवढी कमी का, तर 2023 च्या डिसेंबरात एका वीकएंडला सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांचं अनुदान अचानक बंद केलं, मग कंपन्यांनी नव्या गाड्यांचे भाव उतरवले आणि त्यांच्यामागून जुन्यांचे घसरले. गाडी तीच, दात तेवढेच. चार वर्षं आधी चावला असता तर आमची गाडी जगली असती.

आणि कोणी चावलं यालाही महत्त्व आहे बरं का. तुम्ही मला गाडी ठोकली असती, तर तुमच्या विम्याकडून किमतीच्या 130 टक्क्यांपर्यंत खर्च मागून मला गाडी नीट करून घेता आली असती. अट एवढीच की नंतर ती निदान सहा महिने वापरायची. माणसाचा आपल्या गाडीवर जीव असतो, हे जर्मन न्यायालयांनी टक्केवारीत मान्य केलंय. पण ते दुसऱ्याच्या दायित्व-विम्यातून. मार्डरला दायित्व-विमा नाही. या देशात कुत्र्याचा विमा असतो, घोड्याचा असतो, शेजाऱ्याची फुलदाणी आपल्या पोरानं फोडली तर त्याचाही असतो. आमच्या गल्लीत बिनविम्याचा जीव एकच, आणि तोच रात्री ड्यूटीवर.

तो चावला का, याचा शोध घरी लागला. मार्डरला दुसऱ्या मार्डरचा वास खपत नाही. आपल्या हद्दीतल्या गाडीवर परक्याचा वास आला की तो पिसाळतो. आणि आम्ही मे महिन्यात शेजारच्या फ्युर्थला आमरसाच्या जेवणाला गेलो होतो. डब्यातला आमरस; पण पुऱ्या गरम होत्या, त्यामुळे मुक्काम पडला, गाडी रात्रभर तिथल्या अंगणात. फ्युर्थच्या मार्डरनं सही केली आणि एर्लांगेनच्यानं खोडली. "तरी मी म्हणत होते, रात्रीच निघू या," असं घरातून आजवर अकरा वेळा ऐकलंय. विम्याच्या फॉर्मात मात्र आमरसाला रकाना नव्हता.

इथे कोणीतरी सांगलीच्या वायरमनची आठवण काढेल. काढू नका. चारशे व्होल्ट डीसीला चिकटपट्टी लावायची नसते हे मलाही कळतं. लावणाऱ्याच्या फोटोला हार घालावा लागेल. माझं म्हणणं चिकटपट्टीचं नाहीच. माझं म्हणणं असं की हातभर केबल हातभर का विकत नाहीत? टेबलाशी बसून कोणीतरी ठरवलं ना, की हे जुडगं एकच पार्ट? त्या माणसाच्या घरी काय करतात, नळाचा वॉशर गेला की बाथरूम पाडतात? युरोपीय संघानं 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. मी तो आशेनं वाचला. वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, मोबाइल आहे, वेल्डिंगचं यंत्रसुद्धा आहे. इलेक्ट्रिक सायकलही आहे. मोटारगाडी नाही! दोन टनांचं यंत्र, आयुष्यातली घराखालोखाल मोठी खरेदी, पर्यावरणासाठी घ्या म्हणून मागे लागून घ्यायला लावलेली, तिला व्हॅक्यूम क्लीनरएवढाही हक्क नाही. पर्यावरण वाचवायचं म्हणून घेतलेली गाडी दोन दातांपायी भंगारात घालायची आणि तिच्या जागी नवी बनवायची, नव्या बॅटरीसकट, नव्या लिथियमसकट, तर वाचलं काय? धूर नाही म्हणे. नसेल. स्मशानात विद्युतदाहिनी आली तेव्हाही लोक असंच कौतुकानं सांगायचे.

असो. रक्तदाब.

हिशोब असा झाला: 6,800 मधून प्रेताची किंमत 2,950 वजा. होय, प्रेताला किंमत असते. सर्व्हेअर फोटो टाकतात आणि देशोदेशीचे व्यापारी बोली लावतात. त्यातून माझ्या खिशातले 150 वजा. विम्यानं दिले 3,700. प्रेताचे पैसे व्यापाऱ्याकडून रोख. तेवढ्यात तशीच गाडी मिळेल का, असं सर्व्हेअरना विचारलं. म्हणाले, अशी नीट ठेवलेली मिळणं अवघड आहे.

शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी सांत्वनाला येऊन गाडीखाली कोंबड्यांची जाळी अंथरायचा सल्ला दिला. मार्डरला जाळीवर पाय टाकायला आवडत नाही म्हणे. किंमत बारा युरो, आणि मीटरवर मिळते, हवी तेवढी कापून.

व्यापाऱ्याचा माणूस शुक्रवारी ट्रेलर घेऊन आला. मी विचारलं, ढकलायला हात लावू का? त्यानं किल्ली मागितली, आत बसला, चिवडा बाजूला सारला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, त्याकडे त्यानं पाहिलंही नाही. आणि आमची मयत गाडी, जराही आवाज न करता, आपली आपण ट्रेलरवर चढली.