आयआर ३५ साहेब, एकदा काय ते ठरवा

श्रीमान आयआर ३५ साहेब यांस,
मुक्काम पोस्ट ब्रिटन.



पंचविशी उलटल्याबद्दल प्रथम अभिनंदन. ९ मार्च १९९९ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी अर्थसंकल्प मांडला. त्या दिवशी इथल्या तेव्हाच्या करखात्याने काढलेल्या प्रसिद्धीपत्रकांतले पस्तीस क्रमांकाचे पत्रक म्हणजे आपण. कायद्याच्या पुस्तकात हे नाव शोधून सापडत नाही, पण स्लाउ आणि हाउन्सलोच्या मराठी घरांत ते रोज निघते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "काय रे, नवीन काँट्रॅक्ट इनसाइड की आउटसाइड?" आईची तब्येत कशी आहे, ते नंतर.

पत्र खुले आहे. पुण्या-ठाण्याच्या वाचकांना आपला परिचय नसेल, तो करून देतो. इथला काँट्रॅक्टर स्वतःची लिमिटेड कंपनी काढतो. संचालक तोच, भागधारक तोच, कामगारही तोच. काम एखाद्या बँकेत, मध्ये एजन्सी, आणि पैसे त्याच्या कंपनीच्या खात्यात. कंपनी नफ्यावर कर भरते, हा गृहस्थ थोडासा पगार घेतो, उरलेले लाभांश म्हणून. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरचा सरकारी विमाहप्ता, वाचतो. आपले म्हणणे असे की, शुक्रवारी नोकरी सोडलेला माणूस सोमवारी त्याच खुर्चीत कंपनी बनून बसतो, ही कर चुकवण्याची युक्ती झाली. अशाला आपण 'इनसाइड' म्हणता, म्हणजे करापुरता नोकर; खरा धंदेवाईक तो 'आउटसाइड'. खरे आहे, असे लोक होते, आजही आहेत. आपण तेवढ्यांच्याच मागे लागला असतात तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण खुर्चीतला माणूस नोकर की धंदेवाईक, हे ठरवायचे कसे? १९६८ सालच्या रेडी मिक्स्ड काँक्रीटच्या खटल्यातल्या कसोट्या आजही चालतात. काम स्वतःच करायचे की बदली माणूस पाठवता येतो? हुकूम कुणाचा चालतो? काम देण्याचे आणि करण्याचे बंधन दोघांवर आहे का? त्या खटल्यातल्या ड्रायव्हरची लॉरी कंपनीच्या रंगात रंगवलेली होती, अंगावर कंपनीचा गणवेश होता, तरी कोर्टाने त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवले. आणि आम्ही बँकेच्या नाताळच्या पार्टीला जाताना दहादा विचार करतो, की तिथे एक समोसा खाल्ला तर पुढेमागे नोकर ठरू.

आपल्या न्यायदानाच्या कथाही मोठ्या रंजक. २०१९ साली टीव्ही निवेदिका लॉरेन केली जिंकल्या. त्या पडद्यावर स्वतःचीच भूमिका वठवतात, असे न्यायाधिकरणाला पटले. फुटबॉल कार्यक्रमांचे निवेदक गॅरी लिनेकर यांच्याकडे ४९ लाख पौंडांची मागणी होती. ते २०२३ साली सुटले, कारण त्यांची तेव्हाच्या पत्नीबरोबर भागीदारी होती आणि करारावर सही त्यांचीच असल्यामुळे मधला दलाल उरलाच नाही. फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकणारा रेफरी नोकर आहे की नाही, या आपल्या भावकीतल्या वादासाठी लोक सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्व सांगितले आणि प्रकरण पुन्हा खाली धाडले. मोठमोठ्या बॅरिस्टरांना वर्षानुवर्षे न सुटणारा हा प्रश्न आपण संगणकावरच्या एका प्रश्नावलीकडे सोपवलात. तिचे नाव सेस्ट. एवढे करूनही काही जणांना ती शेवटी सांगते की निर्णय देता येत नाही. या यंत्रातला एकमेव प्रामाणिक भाग तोच असावा.

पूर्वी निदान आमचा निवाडा आम्ही करायचो आणि चुकलो तर दंड भरायचो. २०१७ पासून सरकारी खात्यांत आणि करोनामुळे एक वर्ष लांबून एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांत, हा अधिकार आपण काम देणाऱ्याला दिलात. चुकला तर करही त्यानेच भरायचा. मग त्याने काय केले असेल? कित्येक बँकांनी प्रत्येकाचे काम तपासत बसण्याऐवजी सरसकट फतवा काढला, लिमिटेड कंपनीवाले नकोत. निर्णय पटला नाही तर दाद मागायची सोय आहे. ज्याने निर्णय दिला त्याच्याकडेच अर्ज करायचा, आणि त्याने ४५ दिवसांत उत्तर द्यायचे. आमच्याकडे सासूविरुद्धची तक्रार सासूकडेच नोंदवायची पद्धत होती, तिची आठवण झाली.

बरे, हा निवाडा सरकारला तरी जमला का? दिव्याखाली अंधार. २०२०-२१ या एका वर्षात सरकारी खात्यांवर आपले नियम चुकीचे लावल्याबद्दल २६ कोटी ३० लाख पौंडांचा बोजा निघाला. पैकी ८ कोटी ७९ लाख एकट्या कामगार व निवृत्तिवेतन खात्याचे. सरकारच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात. वसुली अशी जोरदार दाखवायची, तर आपल्यासारखा हुशार कारकून हवाच.

२०२२ साली मात्र आपण जवळजवळ गेलाच होतात. २३ सप्टेंबरला, घटस्थापना तीन दिवसांवर असताना, अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करण्याची घोषणा केली. आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर पेढे फिरले. १७ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना, नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ते पेढे परत घेतले.

आता माझे गाऱ्हाणे. बँकांच्या त्या फतव्यानंतर माझ्यासारखे अनेक जण अम्ब्रेला कंपन्यांकडे, म्हणजे काँट्रॅक्टरला कागदोपत्री नोकरीवर ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, वळले. एजन्सी दिवसाला ४०० पौंड दर सांगते, म्हणजे आठवड्याला २,०००. त्यातून अम्ब्रेलाचे पंचवीसेक पौंड गेले. मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स गेला, जो एप्रिल २०२५ पासून १५ टक्के आहे. शिवाय शिकाऊ उमेदवारांसाठीची अर्धा टक्का लेव्ही. पगार राहिला सुमारे १,७२०. त्यावर माझा प्राप्तिकर आणि माझा नॅशनल इन्शुरन्स. हातात येतात कसेबसे १,२००. प्राप्तिकराबद्दल माझी तक्रार नाही, नोकरी करणारा शेजारीही तो भरतो. पण मालकाचा हिस्सा शेजारी भरत नाही, त्याचा मालक भरतो. माझ्या बाबतीत मालकही मीच, फक्त मालकी तेवढी नाही. रजेचा पगार मिळतो म्हणे. मिळतो, माझ्याच दरातून बाजूला काढून मलाच.

लिमिटेड कंपनी ठेवून इनसाइड राहिलेल्यांचे हाल याहून वाईट. कर नोकरासारखा भरायचा, पण रजा, आजारपण, नोटीस, नोकरी गेल्यावरची भरपाई यांतले काही त्या कामातून मिळत नाही. कारण कर आपण ठरवता आणि कामगाराचे हक्क दुसरा कायदा ठरवतो, आणि दोघांची ओळख नाही. खुद्द करखात्यात काम करणाऱ्या एका काँट्रॅक्टर बाईने रजेच्या पगारासाठी दावा लावला, तेव्हा २०१८ साली प्रकरण ४,२०० पौंडांवर मिटले. न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची हौस खात्याला त्या वेळी दिसली नाही.

एका गोष्टीबद्दल थट्टा करवत नाही. आपल्या धाकाने लोक ज्या चोरवाटांकडे ढकलले गेले, त्यांत पगाराऐवजी 'कर्ज' देणाऱ्या योजना होत्या. वकील आणि हिशेबनीस त्या कायदेशीर म्हणून विकत होते. पुढे त्या कर्जांवर 'लोन चार्ज' नावाचा कर आला आणि जुन्या वर्षांची बिले निघाली ती मुख्यतः काम करणाऱ्यांच्या नावावर. योजना विकणारे बहुतेक कमिशन घेऊन कधीच निघून गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे माणसे खरोखर मेली. या वसुलीशी जोडलेल्या दहा आत्महत्यांची प्रकरणे करखात्यानेच पोलिसांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे पाठवली. हे प्रकरण अजून मिटलेले नाही.

तेव्हा साहेब, मागणे एवढेच. मला नोकर ठरवायचे तर खुशाल ठरवा, पूर्ण कर भरतो. पण ज्या दिवशी आपण इनसाइड म्हणाल, त्याच दिवशी काम देणाऱ्याने मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स स्वतःच्या खिशातून भरावा, आजारी पडलो तर पगार द्यावा आणि काढताना नोकराला देतो तेवढी नोटीस द्यावी. ते लिहून देता येत नसेल, तर मी धंदेवाईक आहे असे मान्य करा आणि माझ्या कंपनीच्या वाटेतून बाजूला व्हा. दोन्हीपैकी कुठलेही चालेल. उत्तर ४५ दिवसांत यावे.

कळावे,
आपला,
एका कंपनीचा संचालक आणि तिचा एकुलता एक नोकर