पिल्लांच्या टाकीसाठी स्पंज फिल्टर निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

वन-बीएचकेत माणसांना पाय पसरायला जागा नसताना माशांच्या बाळंतपणासाठी वेगळी टाकी मांडायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना शहाणपणाचा सल्ला देण्याची वेळ केव्हाच टळलेली आहे. तेव्हा थेट फिल्टरकडे वळू.

पॉवर फिल्टरचा मोह आवरावा. तो सहा-सात मिलिमीटरचं गप्पीचं पिल्लू आणि तेवढाच कचरा यांत भेदभाव करत नाही. स्पंज फिल्टरमध्ये पंपाच्या हवेने बुडबुडे नळीतून वर जातात आणि जाताना स्पंजमधून पाणी ओढून घेतात. एवढ्या मंद ओढीत पिल्लं अडकत नाहीत, उलट स्पंजवर बसलेलं बारीकसारीक खात फिरतात.

आता आकार. बारा बाय आठ बाय आठ इंचांच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी साडेबारा लिटर पाणी मावतं, प्रत्यक्षात दहा. खोक्यावर मात्र ‘६० लिटरपर्यंत’ असं असतं. हा आकडा बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपसारखा वाचावा. खोक्याला महारेरा लागू नाही. तरीही ‘असू दे, पुढेमागे कामी येईल’ म्हणून मोठा घेतला, तर टाकीत फिल्टर राहील आणि मासे भाडेकरू.

खरेदीला कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात जावं. बोरिवलीकराने अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर गाठावं, पुढे लोकलने दोन स्टेशनं. मुलुंडकराला गाडी बदलावी लागत नाही, हे तो सांगितल्याशिवाय राहणार नाही. दुकानदार ‘इम्पोर्टेड है’ म्हणेल, म्हणू द्यावं. आपण स्पंज अंगठ्याने दाबून बघावा: सोडल्यावर लगेच फुगला पाहिजे. भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असावीत. त्याहून बारीक असली की आठवड्यात तुंबतात. बूड जड असलेलाच घ्यावा. रबरी चकतीचा काही महिन्यांत काचेवरचा जीव उडतो आणि फिल्टर तरंगू लागतो. नवा स्पंजही तरंगतोच. त्याला पाण्याखाली धरून बुडबुडे थांबेपर्यंत पिळावं.

फायटरसाठी घेत असाल तर पंपाला हवा कमी करायचा व्हॉल्व्ह हवाच. नर बुडबुड्यांचं घरटं पाण्यावर बांधतो. वरचं पाणी हललं की ते विस्कटतं आणि बाप नव्याने कामाला लागतो.

मात्र बाजारातला कोणताही फिल्टर पहिला महिनाभर नुसता स्पंजच असतो. पिल्लांच्या घाणीतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सर्वोत्तम फिल्टर दुकानात मिळतच नाही. तो ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीत असतो: तपकिरी, बुळबुळीत, किंचित चिखलाचा वास येणारा. तो मागून घ्यावा आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीतून आणावा, कारण सुकला की जिवाणू संपले. सहाच्या लोकलमध्ये पिशवी डोक्यावर धरावी लागेल. कोणी विचारलं तर ‘औषध आहे’ म्हणावं. तपशिलात शिरू नये.

या स्पंजचा खरा शत्रू घरातच असतो. पाहुणे येणार म्हणून एखादं माणूस तो नळाखाली धरून, वर साबण लावून, पांढराशुभ्र करून ठेवतं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून जे क्लोरीन आपलं पोट सांभाळत येतं, तेच त्या जिवाणूंना मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळावा, बस्स. मळकटपणा शिल्लक राहिला पाहिजे.

पंप देव्हाऱ्याशेजारी ठेवू नये. तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, त्यामुळे उदबत्तीचा धूर माशांपर्यंत पोचतो. महापालिकेची धुराची गाडी आली की खिडक्या लावून पंप बंद करावा. डासांच्या अळ्या खायला विहिरींत गप्पी सोडणारी महापालिकाच धूरही सोडते, आणि त्या धुरातलं औषध गप्पी आणि डास यांत फरक करत नाही.

शेवटी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप टाकीच्या खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलट फिरून पंपात, तिथून लादीवर येतं. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. पाणी पुढे खालच्या मजल्याच्या छतात उतरतं आणि प्रकरण सोसायटीच्या सभेत जातं. म्हणून व्हॉल्व्ह बसवावाच. शिवाय खालच्यांना गप्पीची एक जोडी आधीच भेट द्यावी. महिन्याभरात तेच स्पंज फिल्टर कुठला घ्यावा हे विचारायला वर येतात.