बसा ना!

निवृत्तीनंतर बंगल्यापुढं बाग करणाऱ्या पुणेरी काकांचा हेतू एकच असतो: निवांत बसायचं. त्यासाठी उरुळी कांचनच्या नर्सऱ्या पालथ्या घालून होतात, जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन वहीपेन घेऊन पाहून होतं, मधुमालतीच्या मांडवाखाली झोपाळा येतो. सगळं मनासारखं जमलं, की काका खुरपं घेऊन उकिडवे बसतात. ते अजून उठलेले नाहीत.

"या, बसा ना!" ते वाफ्यातूनच ओरडतात. आपण झोपाळ्याकडं वळतो. "तिथं नको, वरनं मुंगळे पडतात." कडप्प्याच्या बाकावर कुंड्या. हिरवळीवर पाऊल टाकावं, तर "अहो, कालच खत घातलंय!" कडेनं निघावं, तर "हळू! खाली फुटबॉल लिलीचे कंद झोपलेत. मेपर्यंत उठायचे नाहीत." त्या बागेत विश्रांती मिळते ती एवढ्यांनाच.

खरं तर आधी सावली बघून चार खुर्च्यांची जागा सोडावी, मग झाडं आणावीत. पण हे काकांना कोण सांगणार? भिंतीला चिकटून लावलेला सोनचाफा आता दिवाणखान्यात डोकावतोय, त्याचंही त्यांना कौतुक. मोगऱ्याचं पाणी हिवाळ्यात तोडलंय. "जरा तहानला, की उन्हाळ्यात लगडतो," काका समजावतात. दहा मिनिटं उन्हात उभ्या पाहुण्याला पाणी का मिळालं नाही, याचा उलगडा इथं होतो. एवढ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसतो आणि निंबोळी तेलाचा पंप आपल्या हातात येतो. "पानांच्या खालून मारा हं!"

बसायला मिळतं ते वर्षातून एकदा, ब्रह्मकमळ उमलतं त्या रात्री. साडेनऊला फोन, दहाला अख्खी गल्ली हजर. "उभे राहू नका, मागच्यांना दिसत नाही!" बाकावरच्या कुंड्यासुद्धा हललेल्या असतात. मग कुणीतरी भाबडेपणानं विचारतं, "हे हिमालयातलं ना?" झालं! हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, हे मेक्सिकोकडचं निवडुंग, अशी सुरुवात होते. फूल पहाटेपर्यंत टिकतं, काकाही टिकतात.

चहाचे कप घेऊन आलेल्या काकू तेवढ्यात बजावतात, "पिऊन झालं की खालचा गाळ बेसिनमध्ये ओतू नका. सकाळी मोजतात ते."