अठरा पूर्ण होईपर्यंत गुटगुटीत

बोरगाव मेघेतल्या एखाद्या घरी जाऊन 'तुमच्या पोट्ट्याचं वजन हा आजार आहे' असं म्हणून पाहा. आजी चहा न पाजता वाटेला लावेल. पोरगं खात्यापित्या घरचं आहे, उंची वाढली की उतरेल, हे तिचं निदान. पोराला जिना चढताना धाप लागते, रात्री घोरतं, मान काळी पडली आहे. आई ती मान घासते आहे. सावंगी आणि सेवाग्राम, दोन वैद्यकीय महाविद्यालयं ऑटोच्या अंतरावर. पण तिथं जायचं ते ताप आला तर!

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं, की तीव्र लठ्ठपणा असेल तर 13 वर्षांपासूनच्या मुलांना वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यासाठी सर्जनकडे पाठवा. प्रत्येक गोलमटोल पोराला टेबलावर झोपवा, असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी काकालोक खवळतातच. 'लेकराच्या पोटाला सुरी? हा शॉर्टकट आहे. जिभेवर ताबा हवा!' हे बोलताना काकांचा दुसरा आलुबोंडा चाललेला असतो. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचा माल विकू नये, असा देशाचा 2020 चा नियम आहे. तो पाळायचा ताबा दुकानदाराला नाही, शाळेला नाही, सरकारला नाही. सातवीतल्या पोराला मात्र हवा.

आणि शॉर्टकट कसला? स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात. मग चार घासांत जेवण, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या. हा शॉर्टकट असेल तर आळंदीहून पंढरपूरला पायी जाणंही शॉर्टकटच.

अमेरिकेतच किशोरवयात जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना, किशोरवयापासून लठ्ठ असूनही मोठेपणी ऑपरेशन करून घेतलेल्यांशी केली गेली. निष्कर्ष 2019 मध्ये आले. पाच वर्षांनी वजन दोघांचं जवळपास सारखंच घटलं होतं. मधुमेह मात्र किशोरांपैकी 86 टक्क्यांचा आटोक्यात आला, मोठ्यांपैकी 53 टक्क्यांचा. किशोरांमध्ये लोहाची कमतरता आणि पोटाची पुन्हा ऑपरेशनं जास्त निघाली, हेही खरं. म्हणूनच हा निर्णय तज्ज्ञांच्या चमूनं घ्यायचा, काकांनी नाही.

बरं, आजी-काका पटले तरी विमा कंपनी आहेच. विमा नियामकाच्या प्रमाण अटींत या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण किमान 18 वर्षांचा हवा. शिवाय बीएमआय 40, किंवा जोडीला गंभीर आजार असेल तर 35. म्हणजे पंधराव्या वर्षी मधुमेह झालेल्या पोरानं तीन वर्षं तो जपून ठेवायचा, यकृत आणि गुडघे सांभाळायचे, वजन तर अजिबात घटू द्यायचं नाही. नाहीतर दावा बाद! मग अठरा पूर्ण झाली, की मतदार यादीत नाव आणि ऑपरेशनला मंजुरी, दोन्हीचे अर्ज एकाच दिवशी भरायचे.